शुगर, शिसं आणि पुडीतलं औषध: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डायबेटिस आणि किडनीवर लिहिताना शेवटी मी एकच ओळ टाकली होती, की शुगरवाल्यांनी शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम असल्या जड धातूंपासून जरा जास्तच सांभाळून राहावं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मॅडम, माझे वडील ६२ वर्षांचे, बारा वर्षं शुगर आहे. गेले सात महिने शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाकडून पुड्या आणतात, राखाडी पावडर आहे, सकाळी मधातून घ्यायची. तीन महिन्यांची शुगर ९.४ वरून ६.८ वर आली म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. पण आता पोटात कळा येतात, चार-चार दिवस संडासला होत नाही, आणि हिमोग्लोबिन ८.१ आलंय. ते म्हणतात शुगर उतरली ना मग झालं. काय करू? (बार्शी)

पुडी आजच बंद करा, हे आधी सांगते, बाकीचं नंतर वाचा. आणि पुडी फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला ठेवा, ती तपासता येते.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि रक्त कमी होणं, या तिन्ही एकत्र आल्या की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते शिशाचं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असेच एक काका आले होते, शेतकरी माणूस, पोटदुखीसाठी दोन ठिकाणी सोनोग्राफी झालेली, एके ठिकाणी तर अपेंडिक्स काढू म्हणालेले. लॅबच्या मुलीने रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली बघितली आणि मला बोलावून दाखवलं, लाल पेशींवर बारीक बारीक निळे ठिपके, शाई शिंपडल्यासारखे. मग मी काकांना विचारलं, काका दुसरं काही घेता का? आधी नाही म्हणाले. काकूंनी मात्र पदराच्या गाठीतून पुडी काढून टेबलावर ठेवली.

शिसं शरीरात गेलं की हिमोग्लोबिन बनवायचं कामच अडवतं आणि लाल पेशीही लवकर फुटायला लागतात. आता इथे मेख बघा. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, हे लाल पेशींना किती साखर चिकटली त्याचं माप आहे. पेशी साधारण १२० दिवस जगते असं धरून ते माप केलेलं असतं, पेशीच लवकर फुटायला लागल्या तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. (आणि नुसती लोहाची कमतरता असेल तर उलट, आकडा खोटा जास्त दिसू शकतो.) म्हणजे वडिलांचा ६.८ खरा आहे का हेच आधी बघावं लागेल. घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी चार-पाच दिवस शुगर बघा, तो आकडा जास्त विश्वासाचा.

दुसरी शक्यता पण सांगते कारण ती पण खूप वेळा दिसते. "शुगरवर जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत ग्लिबेनक्लेमाइडसारखी आपलीच स्वस्त अ‍ॅलोपॅथीची गोळी कुटून घातलेली सापडते. मग शुगर खरंच उतरते, उतरणारच की! पण किती मिलिग्रॅम पोटात जातंय ते कुणालाच माहीत नसतं, आणि किडनी जरा जरी कमजोर असेल तर ती गोळी अंगात साठून पहाटे शुगर ४० वर येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आयुर्वेदावर माझा राग नाही, उगीच तसा अर्थ काढू नका. पण हे माहीत पाहिजे की रसौषधींमध्ये, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांमध्ये, धातू चुकून पडलेला नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो. नाग भस्म म्हणजे शिसं. त्रिवंग भस्मात शिसं, कथील आणि जस्त असतं, आणि ही भस्मं जुन्या ग्रंथांत प्रमेहासाठीच सांगितलेली आहेत, म्हणजे शुगरच्या पेशंटच्याच वाट्याला ती जास्त येतात. आपल्या कायद्यात अशा विषारी घटकांची यादी आहे, आणि ते घातलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावीच लागते. तुमच्या पुडीवर काय छापलंय? काहीच नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यातल्या सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, आणि रसशास्त्राच्या औषधांत तर शंभरातल्या सुमारे ४० मध्ये. ती सगळी लेबलवाली, कंपनीची औषधं होती. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे, डायबेटिसच्या माणसाची किडनी आधीच ताणाखाली असते, त्याला शिसं असलेलं काहीही द्यायला मी कधीच हो म्हणणार नाही.

आता करायचं काय ते. ब्लड लेड ही साधी रक्ताची टेस्ट आहे, मोठ्या लॅब करतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की आकडा ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्यावर आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा. पुड्या खाणाऱ्यांचा आकडा यापेक्षा कितीतरी वर गेलेला मी बघितलाय. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे ती काचेवरची तपासणी, करून घ्या. आकडा खूप वर असेल तर हॉस्पिटलमध्ये शिसं बाहेर काढायची औषधं देतात, तो निर्णय फिजिशियनचा. आणि शुगरच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने परत सुरू करा, मनाने नको, कारण पुडीत काय होतं ते कळलेलं नाही आणि किडनीचा रिपोर्ट अजून यायचाय.

वडिलांशी भांडू नका एवढंच सांगते. त्या काकांना मी म्हटलं होतं, काका तुम्ही शुगर कमी करायला धडपडलात यात तुमचं काही चुकलं नाही, फक्त माल खोटा निघाला. पुढच्या वेळी ते स्वतःहून राहिलेल्या अकरा पुड्या घेऊन आले.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. एकवीस वर्षं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहे, सध्या पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात दुकान आहे. वय ४४, दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, घरात आईवडील कुणाला नाही. बीपी पण आहे. भट्टीच्या धुराचा आणि शुगरचा काही संबंध असतो का? इथे घरी हातपंपाचं पाणी आहे. (एक गलाई व्यावसायिक)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आपल्या सांगली भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांच्या फुप्फुसात काय जातं यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं.

आधी भट्टी. जुने दागिने आटवायला येतात त्यात केडीएमचा माल असतो ना, त्या केडीएममध्ये डाग देताना वापरलेलं कॅडमियम असतं. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात आणि कॅडमियम ७६७ अंशालाच उकळतं. म्हणजे मुशीतलं सोनं पाणी व्हायच्या आधीच कॅडमियमची वाफ होऊन ती तुमच्या नाकाशी आलेली असते. तोंडाला बांधलेला रुमाल ती वाफ अडवत नाही, अजिबात नाही. हॉलमार्कच्या मालात कॅडमियम चालत नाही त्यामागे कारागिरांचं हेच दुखणं आहे, पण जुना माल अजून वीस वर्षं तरी आटायला येतच राहणार. चांदी शुद्ध करताना शिसं वापरत असाल तर त्याचा धूर वेगळा, आणि कचऱ्यातलं सोनं धरायला पारा वापरत असाल तर त्याची वाफ अजून वेगळी.

कॅडमियम किडनीत जाऊन बसतं ते दहा ते तीस वर्षं निघत नाही. शुगरने किडनीची गाळणी खराब होते आणि कॅडमियमने त्या गाळणीच्या पुढच्या बारीक नळ्या खराब होतात, दोन्ही बाजूंनी मार. शिशाने बीपी वाढतं हे पक्कं माहीत आहे. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं पण हाडांत गेलेलं वर्षानुवर्षं राहतं आणि तिथून थोडं थोडं परत रक्तात येत राहतं.

आता पाणी, आणि हे मला धुराइतकंच महत्त्वाचं वाटतं. मुर्शिदाबाद हा बंगालच्या आर्सेनिकच्या पट्ट्यातला जिल्हा आहे, नदिया, मालदा आणि दोन्ही चोवीस परगणे तसेच. १९८३ च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपाय खरखरीत झालेले पेशंट यायला लागले, तिथून हे उघडकीला आलं. आर्सेनिकला वास नाही, चव नाही, रंग नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे आणि त्या भागातले कितीतरी हातपंप त्याच्या वर आहेत.

आणि जड धातूंमध्ये शुगरशी सगळ्यात घट्ट संबंध याच आर्सेनिकचा दिसलाय, तैवानमध्ये आणि बांगलादेशात जिथे वर्षानुवर्षं असं पाणी प्यायलं गेलं तिथे डायबेटिसचं प्रमाण जास्त निघालं. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींना ढिलं पाडतं आणि स्नायूंमध्ये साखर आत घ्यायचं दारही नीट उघडू देत नाही. तुमची शुगर यानेच झाली असं मी इथे बसून म्हणणार नाही, ४४ व्या वर्षी शुगर व्हायला आजकाल घरात कुणाला असावीच लागते असं नाही. पण एक लक्षात घ्या, शुगर वाढलेली असली की तहान लागते, माणूस दोन लिटरच्या जागी चार लिटर पाणी पितो, आणि पाणी खराब असेल तर आर्सेनिकही दुप्पट पोटात जातं.

तर हातपंपाचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या, रिपोर्ट येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापरा, भातालाही, कारण भात सगळं पाणी शोषतो. स्वतःची ब्लड लेड, लघवीतलं कॅडमियम आणि आर्सेनिक, क्रिएटिनिन करा. दुकानात भट्टीच्या वर धूर ओढून बाहेर टाकणारी हूड बसवा, मास्क घ्यायचा तर धातूच्या वाफेसाठी असलेला फिल्टरचा घ्या. डबा भट्टीच्या खोलीत उघडू नका. आणि कामाचे कपडे दुकानातच बदला, कारण पोरं येऊन गळ्यात पडतात तेव्हा तुमच्या शर्टावरचं शिसं त्यांच्या हातावर आणि हातावरून तोंडात जातं. मुलांचीही ब्लड लेड करून घ्या, मोठ्या माणसापेक्षा त्यांचं नुकसान जास्त होतं.

प्रश्न : मिस्टरांना डायबेटिस आहे आणि दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला. एका सेंटरमध्ये सांगितलं की ब्लॉकेज आणि शुगर दोन्ही शिशामुळे आहे, चिलेशनची ३० सलाइन घ्या. त्यांनी आधी एक औषध देऊन मग लघवी तपासली, त्यात शिसं "हाय" आलंय. पैसे भरायचे का? (नाशिक)

नका भरू.

ताई, चिलेशन म्हणजे धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. खऱ्या शिशाच्या विषबाधेत ते लागतं आणि उपयोगी पडतं. पण ते औषध आधी देऊन मग लघवी तपासली तर कुणाच्याही लघवीत शिसं जास्तच येणार, माझ्याही येईल, कारण ते औषध शिसं ओढून आणायलाच बनवलंय. आणि रिपोर्टवर तुलना कशाशी करतात तर औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्याशी. या टेस्टला विषतज्ज्ञ मान्यता देत नाहीत. साधी ब्लड लेड करा, कुठलंही औषध न घेता.

सेंटरवाले तुम्हाला एका अमेरिकन अभ्यासाचं नाव सांगतील, टॅक्ट. तो खरा आहे, २०१३ साली आला, अटॅक येऊन गेलेले १,७०८ पेशंट होते, अर्ध्यांना ४० सलाइन चिलेशनची आणि अर्ध्यांना नुसती साधी. त्यात डायबेटिसवाल्यांना बराच फायदा दिसला, इतका की सगळे चकित झाले, मलाही तेव्हा वाटलं होतं की आपल्या पेशंटसाठी काहीतरी नवीन मिळतंय. म्हणून मग त्याच डॉक्टरांनी फक्त डायबेटिस आणि अटॅक दोन्ही असलेले सुमारे हजार पेशंट घेऊन तोच प्रयोग परत केला, टॅक्ट-टू. त्याचा निकाल २०२४ मध्ये आला. रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी कमी झालं, म्हणजे औषधाने आपलं काम केलं. पण पुन्हा अटॅक, स्ट्रोक, मृत्यू, अँजिओप्लास्टी-बायपास किंवा छातीत दुखून अ‍ॅडमिट होणं, हे सगळं धरून चिलेशनवाल्यांत शंभरात सुमारे ३६ आणि साध्या सलाइनवाल्यांतही शंभरात सुमारे ३६. काडीचा फरक नाही. तुम्हाला पहिला अभ्यास दाखवतील आणि दुसरा दाखवणार नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा, टॅक्ट-टूचं काय झालं?

आणि हे निरुपद्रवी पण नाही. चिलेशनच्या औषधाचा, म्हणजे ईडीटीएचा, एक प्रकार भराभर दिला तर रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली जातं की हृदय थांबू शकतं, अमेरिकेत अशाने मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्या पैशात मिस्टरांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या (स्टॅटिन), बीपीच्या गोळ्या आणि शुगरचं औषध कित्येक वर्षं येईल, आणि या तिन्हींनी आयुष्य वाढतं हे पक्कं माहीत आहे. त्या गोळ्या चालू आहेत ना, ते मात्र आजच बघा.

याच जातीचा अजून एक प्रकार बऱ्याच जणींनी विचारलाय, पाय मिठाच्या पाण्यात ठेवायचे, मशीन लावायचं, पाणी तपकिरी होतं आणि म्हणतात बघा विष निघालं. पाय न घालता मशीन सुरू करायला सांगा. पाणी तसंच तपकिरी होतं, तो आतल्या लोखंडी पट्टीचा गंज आहे. शिवाय शुगरवाल्यांच्या पायाला संवेदना कमी असते, गरम पाण्यात भाजलं तरी कळत नाही.

प्रश्न : डॉक्टर, मला लहानपणापासून मशेरीची सवय. शुगर पाच वर्षं आहे. मी कधी बिडी ओढली नाही, गुटखा नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मशेरी. त्याने पण ते कॅडमियम जातं का? (एक आजी, सातारा)

जातं आजी. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं, ते तव्यावर कितीही काळंकुट्ट भाजलं तरी जात नाही. बिडी-सिगारेटवाल्यांच्या फुप्फुसातून ते जास्त शोषलं जातं, तुमच्यात त्या मानाने कमी, पण तुम्ही ते दिवसातून दोनदा हिरड्यांना चोळता आणि थोडं गिळलं जातंच. त्यात अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त ओढून घेतं, ज्या वाटेने लोह जातं त्याच वाटेने ते आत शिरतं. आपल्याकडच्या किती बायकांचं लोह पुरेसं असतं सांगा! तेव्हा हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या.

शिवाय निकोटिनने इन्सुलिनचा असर कमी होतो, शुगरने हिरड्या आधीच नाजूक झालेल्या असतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचं तर मी वेगळं सांगायला नको. पन्नास वर्षांची सवय सोडणं काय असतं ते मला कळतं, माझी आजी पण लावायची. एकदम जमलं नाही तर आधी संध्याकाळची सोडा. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फोन केला तर तंबाखू सोडायला फुकट मदत करतात, नातीला लावून द्यायला सांगा.

प्रश्न : शुगरसाठी रात्रभर तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो, ते चांगलं का वाईट? आणि कल्हई केलेली पितळी भांडी, अ‍ॅल्युमिनियमची कढई यांचं काय? (तीन-चार वाचकांचे मिळून)

तांब्यातल्या पाण्याने शुगर उतरत नाही, पण साधं पाणी असेल तर नुकसानही नाही, फक्त त्यात लिंबू पिळून ठेवू नका. कल्हई ही कथलाची असते आणि शुद्ध कथील चांगलं, पण कथील महाग झालंय म्हणून त्यात शिसं मिसळलं तर प्रश्न येतो. ओळखीच्या कल्हईवाल्याकडूनच करून घ्या, आणि शंका असेल तर चिंचेची आमटी, कोकमाचं सार असलं आंबट स्टीलमध्येच करा. अ‍ॅल्युमिनियमचं म्हणाल तर भंगार वितळवून केलेल्या बिनशिक्क्याच्या स्वस्त भांड्यांतून शिसं सुटल्याचं तपासण्यांत दिसलंय, तिथेही आंबट नको. अजून एक, शुगरला चांगली म्हणून चमचाभर हळद रोज खाणारे बरेच आहेत. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळत होते, म्हणजे शिसंच, ते २०१९ मध्ये अभ्यासातून पुढे आलं आणि तिथल्या सरकारने मोठी मोहीम काढून थांबवलं. आपल्याकडेही तो रंग घालायला बंदी आहे. आपण सांगलीच्या बाजारपेठेजवळची माणसं, चांगली हळकुंडं आणून दळून घेणं आपल्याला अवघड नाही, अति पिवळी सुटी पावडर घेऊ नका.

प्रश्न : माशांमध्ये पारा असतो असं वाचलं. शुगर आहे म्हणून आधीच गोड गेलं, भात कमी झाला, आता मासे पण सोडू का? (मालवण)

नाही हो, मासे सोडू नका! पारा मोठ्या, दुसऱ्या माशांना खाऊन जगणाऱ्या आणि जास्त वर्षं जगणाऱ्या माशांत साठत जातो, म्हणजे मुशी, मोठा कुपा, खूप मोठी सुरमई. ते कधीतरीच. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान आयुष्याचे मासे, त्यात पारा कमी, आणि बांगडा-तारलीत हृदयाला चांगली चरबी भरपूर, शुगरच्या पेशंटला तर हवीच असते. रवा लावून तळण्यापेक्षा तिरफळं घालून तिखलं करा, किंवा गोव्याकडची बांगड्याची उडदमेथी, त्यात मेथी पण जाते.

फक्त आर्सेनिकसाठी लघवी तपासायची असेल तर त्याआधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी, तिसऱ्या सगळं बंद ठेवा. माशांत एक निरुपद्रवी प्रकारचं आर्सेनिक असतं, ते रिपोर्टमध्ये आलं की आकडा उगीच मोठा दिसतो आणि घरातले सगळे घाबरतात.